उजेड, लेप आणि फडके

एका आजारावर उपचार घेण्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला तिथेच दुसऱ्या जंतूची लागण होते, तेव्हा तिला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात, आणि वैद्यकाची एवढी प्रगती होऊनही हा प्रश्न सुटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये या विषयावर पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर 100 रुग्णांपैकी श्रीमंत देशांत 7 जणांना आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना असा किमान एक संसर्ग होतो, आणि संसर्ग झालेल्यांपैकी सरासरी दहातला एक रुग्ण दगावतो. जंतू पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत: तपासणाऱ्यांचे हात, शरीरात घातलेल्या नळ्या, रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातील व त्वचेवरील जिवाणू, हवा, पाणी, आणि खाटेच्या कठड्यापासून मॉनिटरच्या बटणापर्यंत पसरलेले असंख्य पृष्ठभाग. या शेवटच्या वाटेवर पहारा बसवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी एक कल्पना पुढे आणली आहे. पृष्ठभागावर असा लेप द्यावा, की त्यावर पडणारा उजेडच तिथल्या जिवाणूंचा नाश करील.

या कल्पनेकडे प्रयोगशाळेतून पाहणारा आणि वॉर्डातून पाहणारा यांना एकच चित्र दिसत नाही. पुढील संवादात एक आहेत पदार्थविज्ञानाच्या वाटेने रसायनशास्त्रात आलेले प्राध्यापक, आणि दुसऱ्या आहेत एका मोठ्या शासकीय रुग्णालयात संसर्गनियंत्रणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या परिचारिका, ज्यांना डॉक्टरांपासून रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत सारे 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात. दोघेही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे प्रयोग, संशोधक आणि आकडे मात्र खरे आहेत.

प्राध्यापकांची सुरुवात फडक्याच्या मर्यादेपासून होते. "सिस्टर, जंतुनाशकाने पुसलेला कठडा पुसल्या क्षणी स्वच्छ असतो, पण तो वाळल्यावर पहिला हात लागेपर्यंतच. शिवाय प्रत्येक कठडा खरोखर पुसला जातो, असेही नाही. अमेरिकेत फिलिप कार्लिंग यांनी डोळ्यांना न दिसणारी पण अतिनील दिव्याखाली चमकणारी खूण पृष्ठभागांवर आधी लावून ठेवली आणि सफाईनंतर ती पुसली गेली आहे का, हे 23 रुग्णालयांत तपासले; जे पुसायला हवे होते त्यांपैकी निम्मेच पृष्ठभाग पुसले गेलेले आढळले. आणि जंतू चिवट असतात. औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस कोरड्या पृष्ठभागावर कित्येक महिने तग धरू शकतो, अ‍ॅसिनेटोबॅक्टरही पाच महिन्यांपर्यंत राहू शकतो. दोन पुसण्यांच्या मधल्या काळात काम करणारे काहीतरी हवे, आणि प्रकाशाने कार्यान्वित होणारा लेप नेमके तेच करतो."

लेपाचे काम कसे चालते, हे कळल्याशिवाय पुढील वाद कळणार नाही, म्हणून प्राध्यापकांचे विवेचन इथे थोडे विस्ताराने द्यायला हवे. अशा लेपांची दोन घराणी आहेत. पहिले टायटॅनियम डायऑक्साइडचे. पांढऱ्या रंगात आणि उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमांत वापरला जाणारा हा पदार्थ अर्धवाहक आहे, म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन एरवी जागच्या जागी बांधलेले असतात, पण पुरेशी ऊर्जा मिळाली की ते वरच्या पातळीवर उडी घेतात आणि मागे एक रिकामी, इलेक्ट्रॉनची भुकेली जागा सोडतात. 1972 मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी या पदार्थाच्या विद्युताग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करता येते, हे 'नेचर'मध्ये दाखवून दिले, आणि 1985 मध्ये तादाशी मात्सुनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमची जोड दिलेल्या याच पदार्थाच्या भुकटीने प्रकाशात सूक्ष्मजीव मरतात, हे सिद्ध केले. उडालेला इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा ही दोन्ही हवेतील ऑक्सिजन व ओलाव्याशी अभिक्रिया करून हायड्रॉक्सिल मूलक, सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. हे सारे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील अवतार असून जिवाणूचे आवरण, प्रथिने आणि डीएनए यांपैकी जे समोर येईल त्यावर हल्ला करतात.

दुसरे घराणे रंगद्रव्यांचे. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला 1900 च्या सुमारास असे आढळले, की अ‍ॅक्रिडीन या द्रव्यात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात. काही रंगद्रव्ये प्रकाश शोषून ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला देतात आणि तो रेणू सिंगलेट ऑक्सिजन नावाच्या उत्तेजित अवस्थेत जातो, हा त्यामागचा उलगडा पुढे झाला. मिथिलीन ब्लू, टोल्युडीन ब्लू, रोझ बेंगाल ही अशीच प्रकाशसंवेदी द्रव्ये आहेत. ती सिलिकोन किंवा पॉलियुरेथेनसारख्या बहुवारिकात मुरवली, म्हणजे लेप तयार होतो.

सिस्टरांचा पहिला प्रश्न साधा आणि नेमका आहे. "सर, टायटॅनियमचा लेप कुठल्या उजेडात चालतो? वॉर्डातल्या उजेडात चालतो का?" प्राध्यापकांना मान्य करावे लागते, की मूळ स्वरूपात चालत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज या रूपात इलेक्ट्रॉनला उडी घेण्यासाठी 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे सुमारे 387 नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा, अतिनील पट्ट्यातला प्रकाश. खिडकीच्या काचेतून तो थोडासाच आत येतो, आणि जुन्या ट्यूबलाइटच्या जागी आलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत तो जवळजवळ नसतोच. विजेची बचत करणाऱ्या दिव्यांनी या लेपाचे अन्न काढून घेतले, असेच म्हणावे लागेल. "म्हणूनच," प्राध्यापक पुढे सांगतात, "2001 मध्ये जपानच्या र्‍योजी असाही यांनी टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळून त्याला दृश्य प्रकाश शोषायला लावले. आणि म्हणूनच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील आयव्हन पार्किन यांच्या गटाने रंगद्रव्यांची वाट धरली. 2014 मध्ये त्यांनी सिलिकोनमध्ये मिथिलीन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण एकत्र आणले. तो लेप उजेडात वेगाने आणि अंधारातही, सावकाश का होईना, जिवाणू मारत होता. 2020 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये त्यांनी पुढची पायरी मांडली. क्रिस्टल व्हायोलेट मुरवलेल्या बहुवारिकावर सोन्याच्या नेमक्या 25 अणूंचे पुंजके बसवले, तेव्हा सुमारे 312 लक्स एवढ्या मंद पांढऱ्या उजेडातही लेप हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागला आणि जिवाणू मरू लागले. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप आहे, आणि 312 लक्स हा ब्रिटनमधील रुग्णालयांत सर्रास आढळणारा उजेड आहे."

क्रिस्टल व्हायोलेटचे नाव ऐकून सिस्टर ओळखीचे स्मित करतात, कारण हे द्रव्य त्यांना दोन ठिकाणी भेटलेले आहे. जेन्शियन व्हायोलेट म्हणून तोंड आलेल्या बाळाच्या जिभेवर आणि त्वचेवरच्या जखमांवर लावले जाणारे जांभळे औषध तेच, आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जिवाणूंचे ग्रॅम-पॉझिटिव्ह व ग्रॅम-निगेटिव्ह असे दोन गट ओळखण्यासाठी 1884 पासून वापरला जाणारा रंगही तोच. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंची जाड भित्तिका हा जांभळा रंग धरून ठेवते. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंची भित्तिका पातळ असते, पण तिच्याबाहेर आणखी एक स्निग्ध आवरण असते आणि अनेक रसायने तिथेच अडतात. हे आवरण सिस्टरांच्या पुढील आक्षेपाच्या मुळाशी आहे. "लंडनच्या लेपावर स्टॅफिलोकोकसची संख्या सहा तासांत घटली, ई. कोलायला मात्र दिवसभर लागला, असेच ना सर? आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांत सर्वांत जास्त झोप उडवतात ते अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला. दोन्ही ग्रॅम-निगेटिव्ह, आणि दोन्ही अनेकदा कार्बापेनेमसारख्या राखीव प्रतिजैविकांनाही जुमानत नाहीत. म्हणजे हा लेप ज्या शत्रूवर चांगला चालतो तो दुसऱ्या देशातला मुख्य शत्रू आहे, इथला नव्हे."

प्राध्यापक हा फरक नाकारत नाहीत, पण त्याला कायमची मर्यादाही मानत नाहीत. बाह्य आवरणाला चिकटणारी धनभारित रंगद्रव्ये या जिवाणूंवर अधिक परिणामकारक ठरतात, हे ठाऊक असल्याने संशोधन त्या दिशेने चालले आहे, असे ते सांगतात. इथवर वाद रसायनाचा आहे आणि रसायनाने तो सुटूही शकेल. खरी अडचण सिस्टर यानंतर मांडतात, आणि लेपाच्या जाहिरातींत तिचा उल्लेख सापडणे अवघड आहे.

"सर, खाटेचा कठडा जवळून पाहा. उठून बसणारा रुग्ण तो वरून धरत नाही, मूठ वळवून धरतो, म्हणून त्याची चार बोटे कठड्याच्या खालच्या अंगाला लागतात. घाम, मलमाचा अंश आणि जंतू जमतात ते तिथे, आणि छतावरच्या दिव्याचा उजेड तिथे पोहोचत नाही. मधल्या रांगेतल्या खाटेला खिडकीपाशी असलेल्या खाटेसारखा उजेड नसतो. भेटीच्या वेळी नातेवाईक खाटेभोवती उभे राहिले की उरलाही सावलीत जातो. रात्री साडेनऊ-दहानंतर वॉर्डातले दिवे मालवावे लागतात, कारण झोप हाही उपचाराचा भाग आहे, आणि अतिदक्षता विभागात ज्यांना अखंड उजेडात ठेवावे लागते त्यांची दिवस-रात्रीची जाणीव हरवून ते भ्रमिष्टासारखे वागू लागतात, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकीने पाहिले आहे. मग आठ तासांच्या त्या अंधारात लेपाने काय करायचे? 312 लक्स हा आकडा वॉर्डाचा म्हणून सांगितला जातो. तो कठड्याच्या पोटाशी, रात्री दोन वाजता किती असतो, ते लक्समीटर धरून कोणी मोजले आहे का?"

यातच वेळेचा दुसरा हिशेब दडलेला आहे. लेपाला जिवाणूंची संख्या हजारपटीने घटवायला काही तास लागतात, आणि अतिदक्षता विभागातल्या गजबजलेल्या कठड्याला दर काही मिनिटांनी कोणाचा तरी हात लागतो. एका परिचारिकेने ठेवलेला जंतू पुढच्या डॉक्टरच्या बोटांवर चढायला क्षण पुरतो. ज्या पृष्ठभागावर संक्रमणाचा वेग मिनिटांत मोजावा लागतो, तिथे तासांत मोजला जाणारा मारा हातांची साखळी तोडू शकत नाही. ती साखळी दोन स्पर्शांच्या मधल्या क्षणी हात स्वच्छ करूनच तुटू शकते. रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर, असे पाच क्षण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत, ते याच तर्काने.

हा आक्षेप ऐकून प्राध्यापक आपली बाजू सोडत नाहीत, ती हलवतात, आणि या लेखाच्या दृष्टीने त्यांचे हे उत्तर त्यांच्या सुरुवातीच्या दाव्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. "मिनिटामिनिटाला हात लागणारा कठडा ही लेपाची जागा नव्हेच, हे मान्य. पण सगळे पृष्ठभाग तसे नसतात. बोस्टनमध्ये सुसान हुआंग आणि सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागांच्या नोंदी तपासून 2006 मध्ये दाखवले, की एखाद्या खोलीतल्या आधीच्या रुग्णाजवळ प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस किंवा एन्टेरोकोकस असेल, तर त्या खोलीत पुढे येणाऱ्या रुग्णाला त्या जंतूची बाधा होण्याची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी वाढते. पहिला रुग्ण गेलेला, खोली पुसलेली, तरीही त्याचा जंतू उरतो. तो उरतो कुठे? व्हेंटिलेटरच्या माथ्यावर, मॉनिटरच्या तारांवर, सलाईनच्या स्टँडच्या वरच्या टोकाला, म्हणजे जिथे हात क्वचित लागतो, फडकेही क्वचित पोहोचते आणि दिव्याचा उजेड मात्र दिवसभर सरळ पडतो अशा जागी. अशा ठिकाणी सहा तास काय, चोवीस तास लागले तरी बिघडत नाही. साठून राहणारा जंतू हे लेपाचे खरे लक्ष्य आहे."

या मांडणीने लेपाचे क्षेत्र आक्रसते, पण ते खरे होते. उजेडात असलेला, कमी पुसला जाणारा आणि अधूनमधून हात लागणारा पृष्ठभाग, एवढीच त्याची जागा ठरते. सिस्टरांना ही कक्षा पटते, तरी त्या दोन व्यवहाराच्या गोष्टी पुढे करतात, आणि त्या दोन्ही पुन्हा रसायनाकडेच घेऊन जातात.

पहिली गोष्ट मळाची. सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात जेमतेम तीन-चार मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांच्या हिशेबात टिकतो आणि तेवढ्या वेळात शे-दोनशे नॅनोमीटर अंतर कापतो. जिवाणूची लांबीच हजार नॅनोमीटरच्या पुढे असते. कोरड्या हवेत त्याला याहून बरेच दूर जाता येते, पण लेपावर घामाचा, सांडलेल्या पेजेचा किंवा रक्ताचा पातळ थर वाळला असेल, तर त्यातली प्रथिनेच त्याचा मारा झेलतात आणि त्या थरावर बसलेला जिवाणू सुखरूप राहतो. म्हणजे लेपाने काम करावे यासाठी तो आधी पुसलेला असावा लागतो. त्यात भर म्हणून कोरड्या पृष्ठभागांवरही जिवाणू स्वतःभोवती चिकट द्रव्याचे आवरण विणून वसाहत करतात, तिला जैवपटल म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियातील कॅरेन व्हिकरी यांच्या गटाने 2012 मध्ये अतिदक्षता विभागातून अंतिम सफाईनंतर काढून घेतलेल्या वस्तूंवरही अशी पटले दाखवली आहेत. दुसरीकडे, लेपांच्या चाचण्यांत नेमकी उलटी स्थिती असते. आयएसओ 22196 या जिवाणुविरोधी पृष्ठभागांच्या सर्वपरिचित प्रमाणित चाचणीत जिवाणूंचा द्रव थेंब पृष्ठभागावर ठेवून त्यावर पातळ पडदा झाकतात आणि 35 अंश सेल्सिअसला, 90 टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत, 24 तास तसाच ठेवतात. प्रकाशाने चालणाऱ्या लेपांसाठी घरातल्या उजेडाची वेगळी चाचणी, आयएसओ 17094, आहे, पण तिथेही थेंब ओला आणि पृष्ठभाग नवाकोरा असतो. चाचणीत प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हजारोंच्या घरात जिवाणू सोडून '99.9 टक्के मेले' असे छापता येते. वॉर्डात हात लागणाऱ्या पृष्ठभागासाठी स्टेफनी डान्सर यांनी 2004 मध्ये सुचवलेला स्वच्छतेचा निकष चौरस सेंटिमीटरला पाचपेक्षा कमी वसाहती, असा आहे. हजारोंतले 99.9 टक्के मारणे आणि कोरड्या, मळकट पृष्ठभागावरच्या दहा-वीसांना पाचाखाली आणणे, ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्याच्या यशावरून दुसऱ्याचे यश गृहीत धरणे चूक आहे. कोविडच्या काळात बाजारात आलेल्या लेपांच्या जाहिरातींनी ही चूक सर्रास केली.

दुसरी गोष्ट 'हायपो'ची. शासकीय रुग्णालयांत रक्त सांडले, रुग्ण डिस्चार्ज झाला किंवा साथ आली, की सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरले जाते. ते स्वस्त आहे, सहज मिळते आणि परिणामकारक आहे. पण हायपोक्लोराइट हे विरंजक आहे, रंग उडवणे हा त्याचा धर्म आहे, आणि क्रिस्टल व्हायोलेट किंवा मिथिलीन ब्लू यांचा रंग उडाला म्हणजे त्यांची प्रकाश शोषण्याची शक्तीच गेली. सिस्टर विचारतात, "मग त्या कठड्यावर हायपो वापरायचे नाही, असे सफाई करणाऱ्या मावशींना सांगायचे का? साथीच्या दिवसांत कुठल्या वस्तूवर लेप आहे, याची यादी हातात घेऊन पुसणार कोण?" बहुवारिकात खोल मुरलेले रंगद्रव्य वरवर लावलेल्या रंगापेक्षा सुरक्षित असते, असे प्राध्यापकांचे उत्तर असले, तरी तेच पुढे जोडतात, की रंगद्रव्य स्वतः निर्माण केलेल्या सिंगलेट ऑक्सिजननेही हळूहळू झिजत जाते, आणि प्रत्येक लेपाला आयुष्य असते. ते किती, हे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्याने धुऊन नव्हे, तर रुग्णालयात खरोखर वापरल्या जाणाऱ्या द्रावणांनी शेकडो वेळा पुसून ठरवायला हवे, यावर दोघांचे एकमत होते.

एका मुद्द्यावर मात्र प्राध्यापकांची बाजू निर्विवाद वरचढ आहे. प्रतिजैविक जिवाणूच्या एखाद्या नेमक्या कुलपात बसणारी किल्ली असते, म्हणून कुलूप थोडे बदलले की ते निरुपयोगी ठरते. क्रियाशील ऑक्सिजन मात्र आवरण, प्रथिने, जनुके यांपैकी कशालाच सोडत नसल्याने एखाद्या बदलाने त्याच्यापासून वाचणे जिवाणूला फार कठीण जाते. स्टॅफिलोकोकस ऑरियसचे सोनेरी रंगद्रव्य सिंगलेट ऑक्सिजन काही प्रमाणात शमवते, अनेक जिवाणूंकडे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे कॅटलेज हे विकर असते, आणि क्लॉस्ट्रिडियोइडिस डिफिसिलचे बीजाणू तर या माऱ्यात बरेचसे टिकून राहतात; तरीही प्रतिजैविकांच्या बाबतीत झाले तसे प्रतिरोधाचे संकट इथे उभे राहण्याची भीती तुलनेने बरीच कमी आहे.

यानंतर बोलणे पैशांवर येते, आणि सिस्टरांचा आवाज चढतो. "सर, सोन्याचे पुंजके बसवलेल्या लेपावर खर्च करण्याआधी सफाईवर खर्च करून काय मिळते, ते पाहा. ऑस्ट्रेलियात 11 रुग्णालयांत सफाई कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, नीट साहित्य, कामाची तपासणी आणि त्या तपासणीचे निकाल समजावून सांगणे, एवढेच केले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात व्हॅन्कोमायसिनला दाद न देणाऱ्या एन्टेरोकोकसचे संसर्ग 37 टक्क्यांनी घटले. 2024 मध्ये तिथल्याच एका रुग्णालयाच्या 10 वॉर्डांत बीपीचा पट्टा, पल्स ऑक्सिमीटर, सलाईनचे स्टँड अशी अनेकांसाठी वापरली जाणारी साधने पुसण्यासाठी आठवड्याच्या कामाच्या दिवशी रोज तीन तास जादा माणूस दिला, तर रुग्णालयजन्य संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. जादा माणूस, तीन तास, फडके. आपल्याकडे कंत्राटावर असलेल्या मावशी आणि मामा एका पाळीत दोन-दोन वॉर्ड सांभाळतात, पगार महिनोन्‌महिने अडकतो, हातमोजे पुरत नाहीत, आणि कुठे काही बिघडले की पहिला दोष त्यांचा."

प्राध्यापक याला विरोध करत नाहीत. ऑस्ट्रेलियातील पहिल्या अभ्यासात स्टॅफिलोकोकस व क्लॉस्ट्रिडियोइडिसच्या संसर्गांत लक्षणीय घट दिसली नव्हती, एवढी नोंद मात्र ते करतात. त्यांच्या हातातले पान तांब्याचे आहे. अमेरिकेतील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत कठडे, खाटेवरचे टेबल, सलाईनचे स्टँड आणि खुर्च्यांचे हात अशा वस्तू तांब्याच्या मिश्रधातूच्या बसवल्या, तेव्हा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या खोल्यांत संसर्गाचे प्रमाण 8.1 टक्क्यांऐवजी 3.4 टक्के आढळले. म्हणजे पृष्ठभाग स्वतः जंतुनाशक असेल तर त्याचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचू शकतो, हे तत्त्व हवेतले नाही. सिस्टर लगेच हेरतात, की तांबे अंधारातही काम करते आणि कठड्याच्या खालच्या अंगालाही. त्यावर प्राध्यापकांचे म्हणणे असे, की सगळा कठडा, तारा, कळफलक आणि पडदे तांब्याचे करता येत नाहीत, तर लेप कापडावर, प्लॅस्टिकवर आणि वळणदार भागांवरही देता येतो. शिवाय तो अभ्यास लहान होता, आणि अनेक वस्तू वॉर्डात इकडून तिकडे हलत राहिल्याने कोणत्या रुग्णाला तांब्याच्या नेमक्या किती वस्तूंचा सहवास लाभला, हा प्रश्न त्याच्यावर टीका करणाऱ्यांनी उपस्थित केलाच होता.

लेपाचा निवाडा त्यावर मेलेल्या जिवाणूंच्या मोजणीने होऊ शकत नाही, तो रुग्णांना झालेल्या संसर्गांच्या मोजणीनेच व्हायला हवा, ही या लेखाची भूमिका आहे, आणि सिस्टरांचे आक्षेप तिच्याच बाजूने पडतात. पण ते आक्षेप लेप नाकारण्याचे कारण ठरत नाहीत. ज्या देशांत सरासरी दर 100 रुग्णांमागे 15 जणांना संसर्ग होण्याची स्थिती आहे, तिथे एखादे साधन अपुरे आहे म्हणून बाजूला सारणे परवडणारे नाही. ते कुठे पुरेसे पडते, हे शोधणेच रास्त आहे. लेपाला फडक्याच्या जागी बसवणारा प्रशासक मात्र रुग्णाचे नुकसान करील, कारण मळलेला लेप हा निव्वळ जांभळा पृष्ठभाग असतो.

मग वॉर्डातली चाचणी कशी करायची, यावर दोघे बसतात. प्राध्यापकांचा प्रस्ताव असा, की काही वॉर्डांत यंत्रांचे माथे, तारा आणि स्टँड यांवर लेप द्यावा, काहींत देऊ नये, काही महिन्यांनी उरलेल्या वॉर्डांत टप्प्याटप्प्याने द्यावा आणि प्रत्येक वॉर्डाची तुलना त्याच्याच आधीच्या काळाशीही व्हावी. सिस्टर त्यात दुरुस्त्या सुचवतात. लेप जांभळा असल्याने तो कुठे आहे हे सर्वांना दिसणार, आणि दिसले की तिथे कमी पुसले जाणार किंवा कुतूहलाने जास्त. म्हणून लेप नसलेल्या वॉर्डांतही त्याच रंगाचा निष्क्रिय थर द्यावा. सर्व वॉर्डांत कार्लिंग यांच्यासारख्या अदृश्य खुणा लावून सफाई सारखीच होते आहे ना, हे तपासावे, पण त्या तपासणीचा निकाल मावशींच्या पगाराशी जोडू नये, नाहीतर खुणा शोधून तेवढ्याच पुसल्या जातील. प्रत्येक वस्तूपाशी दिवसा, संध्याकाळी आणि मध्यरात्री उजेड मोजावा. एका रुग्णालयात वर्षभरात होणारे संसर्ग एवढ्या सूक्ष्म फरकाचा निर्णय करायला संख्येने कमी पडतील, म्हणून अनेक रुग्णालये एकत्र यावीत, हे प्राध्यापक स्वतःहून जोडतात. त्याने खर्च वाढेल आणि निकाल लांबेल, हे त्यांना ठाऊक आहे.

मतभेद उरतो तो दोन गोष्टींवर. रात्री अतिदक्षता विभागात रिकाम्या खाटेपाशी दिवा चालू ठेवून लेपाला सलग उजेड द्यावा, असे प्राध्यापकांना वाटते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या डोळ्यांवर तो उजेड येत असेल तर सिस्टरांना ते मान्य नाही, आणि तो येत नाही हे आधी दाखवा, असे त्या म्हणतात. दुसरी गोष्ट निधीची. लेपासाठी लागणारी रक्कम संशोधनाच्या खात्यातून यावी, हायपो, हातमोजे आणि कंत्राटी सफाईच्या खात्यातून एक रुपयाही वळवला जाऊ नये, आणि तसे चाचणीच्या मंजुरीपत्रातच लिहिलेले असावे, अशी सिस्टरांची अट आहे; प्राध्यापक ती मान्य करतात, पण मंजुरी देणारे अधिकारी ती मान्य करतील का, याविषयी ते शब्द देऊ शकत नाहीत, आणि सिस्टर त्या शब्दाशिवाय पुढच्या बैठकीची तारीख द्यायला तयार नाहीत.